अस्वलाचा आणि बदकाचा पट

भूमिका भाऊबिजेला नवेगावला माहेरी आली होती आणि तिथली मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाली की केशोरीला सासरी परत जाणार होती. तेवढ्या मुक्कामात उमेंद्रने, तिच्या थोरल्या भावाने, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून तिचं डोकं उठवलं. एकदा चहाच्या वेळी, एकदा ओवाळून झाल्याझाल्या, आणि एकदा तर ती भांडी घासत असताना मोरीपाशी उकिडवा बसून.

"बारावीले बसून राहिली का नाही? सोमवार आखरी दिवस आहे."

"नाही म्हनलं ना गा दादा. झालं ते झालं."

प्रश्न रिकामटेकडा नव्हता. भूमिका केशोरीच्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना घरोघरून गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, रडणाऱ्याला कडेवर आणि मारणाऱ्याला नजरेसमोर ठेवायचं, हे तिचं काम. तिथल्या सेविकाबाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असली तर त्या जागी तिचा नंबर लागायचा; नसली तर दुसरी कुणीतरी येणार आणि भूमिका खिचडीच्या पातेल्यापाशीच राहणार. तिची शाळा दहावीला सुटलेली. बाहेरून बारावीला बसायचा अर्ज भरायची मुदत सोमवारी संपत होती. उमेंद्र गोंदियाच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचा, अर्ज तिथेच भरता येत होता आणि सगळी धावपळ करायला तो तयार होता. तिचा नवरा नंदलाल म्हणाला होता, "बस ना, तुले कोन अडवून राहिलं?" खरंच, अडवणारं दिसेल असं कुणी नव्हतं. म्हणून घरच्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं की ही लाजते. पस्तिशी उलटलेली बाई पोरांसोबत पेपर कशी लिहिणार.

भूमिका आणि लाजणार! सरपंचाला भर ग्रामसभेत अंगणवाडीच्या गळक्या छपरावरून झापणारी बाई ती. लाज हे कारणच नव्हतं. तिने शब्द दिला होता. आणि तो कशावर दिला होता हे सांगितलं असतं तर ऐकणारा पोट धरून हसला असता, म्हणून तिने ते आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिने तो शब्द एका अस्वलाच्या आणि एका बदकाच्या शर्यतीवर दिला होता.

त्याचं असं झालं. ही दोघं भावंडं शाळेत होती तेव्हा गोंदियाच्या सेवकराममामांच्या मुलांचा एक टीव्ही गेम यांच्या घरी आला. काळं खोकं, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लाल गाडीत बसलेलं, गॉगल घातलेलं एक जाडं बदक दात काढून हसत होतं. बदकाला दात नसतात हे चित्रकाराला कुणी सांगितलं नसावं. आत आठ जनावरं आणि त्यांच्या आठ चिमुकल्या गाड्या होत्या. अक्षरं कुठल्या परक्या लिपीतली होती, ती वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बदक त्या सगळ्यांचं पुढारी, म्हणून ते उमेंद्रने घेतलं. भूमिकाने अस्वल घेतलं. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायका अस्वलाचं नाव कुजबुजत घेतात, त्या गावात अस्वलाला हसण्यावारी नेत नाहीत, आणि तिला स्वतःला कुणी हसण्यावारी नेलेलं चालत नसे.

आता शर्यत म्हटली की या मुलांना एकच ठाऊक होती, ती शंकरपटाची, बैलजोड्यांची. त्यांचे वडील उदाराम हे पंचक्रोशीतले नावाजलेले धुरकरी. हलक्या छकड्यावर उभं राहून, बैलांच्या शेपट्या हातात धरून ते जोडी अशी सोडायचे की बघणारे झाडावर चढायचे. पट म्हणजे सरळ पट्टी. जोडी इथून सुटली की तिथल्या झेंडीला जाऊन भिडली, संपलं. ना वळण, ना फेरा. जो आधी रेघेवर, त्याच्या बैलांवर गुलाल, आणि हरणाऱ्याने तोंड वाकडं न करता तो गुलाल आपल्या हाताने टाकायचा.

मुलांनी हाच कायदा टीव्हीत लावला. गाड्या सुटायच्या, डोंगराला वळसा घालून, पुलावरून, दलदलीतून फिरून काळ्यापांढऱ्या चौकटींच्या रेघेवर यायच्या. जो आधी आला तो जिंकला. गल्लीतली पोरं ओळीने बसलेली असायची, विजेचा भरवसा नव्हता, तेव्हा वेळ घालवायची सोयच नव्हती. शेजारचा रोशन खोक्याला खेटून बसायचा. रेघ ओलांडली रे ओलांडली की बटण दाबून गेम पहिल्यापासून सुरू करायचा, आणि पुढची जोडी रिमोट उचलायची. बाकीच्या सहा गाड्या मशीन स्वतः चालवायचं. त्या कुठे जातात, कायले जातात, याची कुणी चौकशी केली नाही. रस्त्यात मोकाट ढोरं असतात तशी ती आहेत, आणि त्यांना चुकवून गाडी हाकायची, असंच सगळ्यांनी धरलं होतं. कोपऱ्यात काहीतरी आकडा असायचा. तो कुणाच्या गावीही नव्हता.

मग दहावीचं वर्ष आलं. उमेंद्र वयाने दीड वर्षाने मोठा, पण काविळीत त्याचं एक वर्ष बुडालं होतं, म्हणून दोघं एकाच वर्गात. त्या उन्हाळ्यात एका पटात उदारामांचा छकडा उलटला आणि त्यांची मांडी मोडली. निकाल लागला तेव्हा ते खाटेवर होते. भूमिकाला भावापेक्षा चांगले मार्क होते. गोंदियाला मामांकडे ठेवून अकरावीला एकालाच पाठवता येणार होतं. दुसऱ्याने घरी राहून बैल, धानाची रोवणी आणि बाबूजींचं हवं-नको बघायचं. आई सुशिलाबाई एकटी कुठे कुठे पुरणार. उदाराम म्हणाले, दोन दिवसांत सांगतो.

त्या दोन दिवसांतच भूमिका भावाला म्हणाली, "पट लावू. जो जिंकंल तो गोंदियाले. जो हारंल त्यानं शाळेचं नाव नाही काढाचं, कधीच नाही."

उमेंद्रने हो म्हटलं. रोशन खोक्यापाशी बसला, त्याला काय चाललंय याचा पत्ता नव्हता. अस्वल पुलापर्यंत पुढे होतं. दलदलीत भूमिकाची गाडी एका मोकाट ढोराला, म्हणजे घुबडाच्या गाडीला, धडकली आणि गरगरली. बदक निसटून पुढे गेलं आणि रेघेवर दोन बोटं आधी पोचलं. रोशनने बटण दाबलं.

भूमिका रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजींच्या खाटेपाशी जाऊन म्हणाली, "दादाले धाडा. मी राहतो घरी." देवापुढचा गुलाल आणून तिने स्वतःच्या हाताने भावाच्या कपाळाला लावला. उदारामांना वाटलं, पोरगी समजूतदार आहे. गावालाही तेच वाटलं. समजूतदार म्हणवून घेण्यात किती गिळावं लागतं ते म्हणणाऱ्यांना कळत नाही.

तेव्हापासून उमेंद्र दर खेपेला तिच्यासाठी काहीतरी वाचायला घेऊन यायचा. कधी अकरावीची जुनी पुस्तकं, कधी इंग्रजीचं गाइड. ती घ्यायची, कपाटात ठेवायची आणि म्हणायची, झालं ते झालं.

मंडईच्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. पाहुणे वडे-भजी चापून दंडारीचा नाचगाण्याचा खेळ बघायला गेले, सुशिलाबाई त्यांच्यासोबत गेल्या, नंदलाल तर सकाळपासूनच गर्दीत हरवला होता. उदाराम छपरीत खाटेवर पडले होते. गर्दीत त्यांचा पाय चालायचा नाही. भूमिका आतल्या खोलीत पांघरुणांच्या घड्या करत होती आणि उमेंद्र मोबाइल बघत लोळला होता. तेवढ्यात तिला माळ्याखाली दिवाळीच्या साफसफाईत आईने काढून ठेवलेलं खोकं दिसलं. वर पिवळी कॅसेट, आणि कॅसेटवर तेच दात काढणारं बदक.

"दादा, हे पाय! अजून आहे हे?"

उमेंद्र उठून बसला. त्याने खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नसंल चालत आता. ठेव तिकडं."

"लावून तर पाय."

"जुनी वायर आहे, टीव्हीले लागनार नाही."

"मास्तर झाला तरी वायरले भ्यून राहिला," भूमिका म्हणाली आणि स्वतःच टीव्हीच्या मागे शिरली. पिवळी, लाल, पांढरी, तिन्ही भोकं जागच्या जागी होती. कॅसेटमध्ये तिने पूर्वीसारखी फुंकर मारली. पडदा आधी निळा झाला, मग फरफरला, आणि मग ते जुनं पिपाणीसारखं गाणं वाजायला लागलं. त्या गाण्यात गल्लीतली सगळी पोरं होती.

"अस्वल माहं," ती म्हणाली.

उमेंद्र खोक्याला खेटून बसला, रोशन बसायचा तसा. पहिला डाव भूमिका सपशेल हरली, कारण अस्वल सुरुवातीलाच दरीत गेलं. बदक रेघेवर पोचताच उमेंद्रने हात लांब करून बटण दाबलं. दुसऱ्या डावात तिची बोटं जागी झाली. पुलावर तिने बदकाला कडेला रेटलं आणि उमेंद्र ओरडला, "हे पटात चालत नाही हां, बाबूजीले सांगीन." ती हसून हसून लाल झाली. तरी रेघेवर तोच आधी. पुन्हा बटण. त्याला एवढी घाई कसली आहे, असं तिला एकदा वाटूनही गेलं, पण गाड्या परत सुटल्या होत्या.

तिसऱ्या डावात दलदलीशी घुबड आडवं आलंच. या वेळी तिने ते आधीच पाहिलं होतं. तिने अस्वलाला चिखलाच्या काठाकाठाने काढलं, घुबडाला चुकवलं, आणि बदक मागे टाकून रेघ ओलांडली.

त्याच क्षणाला छपरीतून हाक आली. "उमेंद्र, पानी दे गा."

उमेंद्र रिमोट टाकून उठला. बटणाकडे हात गेलाच होता, पण बाबूजींनी दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तो तांब्या भरायला गेला. भूमिका रिमोट मांडीवर ठेवून जिंकल्याच्या आनंदात पडद्याकडे बघत बसली.

पडदा थांबला नव्हता. अस्वल रेघेच्या पुढे चार हात जाऊन उभं होतं, बदक मागे उभं होतं, आणि त्यांना वळसा घालून ससा, घोरपड, घुबड, सगळी मोकाट ढोरं एकामागून एक रेघ ओलांडत होती आणि परत डोंगराकडे निघाली होती. कोपऱ्यात आकडा होता. एक, रेघ, तीन असा असायचा तो आता दोन, रेघ, तीन झाला होता. भूमिका पुढे सरकली. थोड्या वेळाने घुबड परत आलं. रेघेवरून गेलं. अजूनही कुणी त्याला थांबवलं नाही. ते तिसऱ्यांदा आलं तेव्हा मात्र आतषबाजी सुरू झाली, पताका हलल्या आणि घुबडाच्या पंखात एक सोनेरी कप आला. एवढी वर्षं त्या कॅसेटमध्ये एक कप होता आणि तो गावात कुणी कधी पाहिलाच नव्हता.

तिला समजायला फार वेळ लागला नाही. अंगणवाडीतल्या पोरांना समजलं असतं इतकं ते सोपं होतं. शर्यत तीन फेऱ्यांची होती.

उमेंद्र रिकामा तांब्या घेऊन दारात आला. त्याने पडदा पाहिला आणि जिथल्या तिथे उभा राहिला. भूमिका त्याला सांगणार होती, दादा पाय काय येडेपना केला आपन, पण तिने त्याचं तोंड पाहिलं. माणसाला नवल वाटतं तेव्हा त्याच्या भुवया वर जातात. उमेंद्रची मान खाली गेली होती.

"तुले माहीत होतं," ती म्हणाली.

तो तांब्या खाली ठेवून भिंतीशी बसला.

"कवापासून?"

"गोंदियाले गेलो त्याच महिन्यात. मामाच्या गल्लीत एका पोट्ट्याच्या घरी हाच गेम होता. मी रेघेवर आलो आन् रिमोट खाली ठेवला. म्हनलं, जितलो. सगळे हासले. म्हने, अरे देहाती, अभी दो चक्कर बाकी है."

"मंग?"

"मंग काय. माह्या डोक्यात पयला विचार तुहा आला." उमेंद्र जमिनीकडे बघून बोलत होता. "पोळ्याले घरी आलो तो तुले सांगाचं म्हनूनच आलो होतो, खरं सांगतो. तू तलावावर बैल धूत होती. हातपाय चिखलानं भरले होते. म्हनलं, आता सांगतो. आन् मले वाटलं, सांगितलं तं परत पट लागंल. मी हरलो तं? मले वापस नव्हतं याचं, भूमी. मले तिथं लय आवडून राहिलं होतं. सोळा वर्षांचा होतो मी."

"आन् नंतर? नंतर तं सोळाचा नव्हता."

"नंतर सांगायले तोंड नव्हतं."

भूमिकाला राग आला. तिला वाटलं, हे खोकं उचलून तलावात भिरकावून द्यावं आणि त्याच्या मागून भावालाही.

"दर खेपेले पुस्तकं आनली तू," ती म्हणाली. "बसमधून ओझं वाहून आनली. आन् ही एवढी एक गोष्ट नाही आनली."

उमेंद्रने डोळे पुसले. चाळिशीला टेकलेला, वर्गात पोरांना धाक असलेला माणूस, पण भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला तो त्या उन्हाळ्यातल्या पोरासारखाच दिसत होता. तिला त्याची दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला. दीड वर्षाने मोठा असला तरी काविळीत त्याच्या उशाशी हीच बसायची.

"तुले वाटते का मी शाळा सुटली म्हनून रडून राहिली," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "तो पट काऊन लावला होता मी, माहीत आहे? बाबूजी दोन दिवसांत काय सांगनार ते मले पयलेच दिसून राहिलं होतं. पोरगा गोंदियाले, पोरगी घरी. मार्क कोन पाह्यते. म्हनलं, त्यांनी सांगायच्या आधी आपनच पट लावू. जितली तं भांडीन, तुले संगं घेऊन भांडीन. आन् हारली तं हारली. हारली म्हनून घरी राहिली, असं तं म्हनता येईल. पोरगी होती म्हनून राहिली, असं नाही म्हना लागनार." तिने पडद्याकडे हात केला. घुबड अजून कप हलवत होतं. "तेवढं एक होतं माह्याजवळ. आज ते बी गेलं."



काठीचा आवाज आला. उदाराम दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मोडलेला पाय सरळ बसला नव्हता, त्यामुळे ते नेहमी एका अंगावर झुकल्यासारखे दिसायचे. त्यांना ऐकायला कमी यायचं, पण पट हा शब्द त्यांनी झोपेतही ऐकला असता.

"कोनता पट?" त्यांनी विचारलं. "कोन हारलं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग भूमिकानेच सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, जराही सावरून न घेता: दोन दिवसांची मुदत, अस्वल, बदक, रोशनचं बटण, गुलाल. ती सांगत असताना उदारामांनी खुर्ची ओढून घेतली आणि टीव्हीपुढे बसले. घुबडाकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"तीन फेरे होते?"

"हो."

"आन् तुमी एकावरच सोडला."

"आपल्या पटात एकच असते ना," उमेंद्र म्हणाला.

"आपल्या पटात एकच असते," उदाराम म्हणाले. "पन ज्याचं मैदान त्याचा कायदा. भंडाऱ्याकडे गेलो तं तिथल्या पंचाचं ऐका लागे मले. पट पुरा झाला नाही तं निकाल नाही. कोनी जितलं नाही, कोनी हारलं नाही. गुलाल फुकट गेला."

त्यांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की एरवी पोरांना हसू आलं असतं. टीव्हीतल्या बदकाच्या शर्यतीचा निवाडा त्यांनी खऱ्या पटासारखा केला होता. भूमिका मात्र हसली नाही. एक प्रश्न तिच्या पोटात तेव्हापासून होता. पटात हरली असं स्वतःला सांगितलं की तो विचारायची वेळच येत नसे. आता लपायला तो आडोसाही राहिला नव्हता.

"बाबूजी," ती म्हणाली, "मी तवा जितली असती, तं मले धाडलं असतं का तुमी?"

उमेंद्र मध्येच म्हणाला, "जाऊ दे ना भूमी."

"तू थांब."

उदाराम काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत बसले. मंडईतून भोंग्यावरचं गाणं आणि पोरांच्या पिपाण्यांचा गलका येत होता. ते सहज म्हणू शकले असते, धाडलं असतं ना पोरी, का नसतं धाडलं. म्हातारपणी असं बोलायला काही लागत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते गोड वाटतं.

"नाही," ते म्हणाले. "नसतं धाडलं. जितली असती तरी नसतं."

भूमिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला उत्तर माहीत होतं, तिने नुकतंच ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, तरी वडिलांच्या तोंडून ऐकताना ते छातीत लागलं. पण लागलं तिथे एक गाठही सुटली. ती घरी राहिली त्याला तिचं हरणं कारणच नव्हतं. दलदलीत गरगरलेली गाडी कारण नव्हती, चुकलेली बोटं नव्हती, आडवं आलेलं घुबड नव्हतं. तिची काहीच चूक नव्हती. तिने पदराने तोंड पुसलं.

"आन् आता?" तिने विचारलं. "आता बसू का बारावीले?"

उदारामांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"आता मले कायले इचारून राहिली?" ते म्हणाले.

मग भूमिकाने नाक ओढलं, पदर खोचला आणि भावाकडे वळली.

"सोमवारी किती वाजता उघडते तुहं कॉलेज?"